जहाज बुडवायचे, पण कशाच्या बदल्यात?

१८६९ च्या सप्टेंबरात सुएझहून मुंबईला निघालेली ‘कार्नाटिक’ ही पी अँड ओ कंपनीची आगबोट तांबड्या समुद्रातल्या अबू नुहास या प्रवाळखडकावर चढून अडकली. ती लगेच बुडाली नाही. कंपनीची दुसरी आगबोट जवळून जायची होती. तिची मदत मिळेल या भरवशावर कप्तानाने प्रवाशांना बोटीवरच थांबवले. जेवणे ठरल्या वेळी झाली, रात्रही तशीच गेली. तीस तासांहून अधिक काळ खडकावर घासत राहिलेली बोट शेवटी मोडली आणि ३१ माणसे प्राणाला मुकली. बोटीवरचे बरेचसे सोने पाणबुड्यांनी काही आठवड्यांतच वर काढले. माणसांच्या बाबतीत असे काही करता येण्यासारखे नव्हते. पुढे लाकडी फळ्या कुजून गेल्या, लोखंडी फासळ्या तेवढ्या उरल्या, आणि गेल्या दीडशे वर्षांत त्या फासळ्यांवर मऊ प्रवाळांची दाट वस्ती झाली. आज अबू नुहास हे हौशी डायव्हर मंडळींच्या यादीतले ठरलेले ठिकाण आहे. इजिप्तमधल्या हुरघाडा किंवा शर्म अल-शेखहून निघणाऱ्या सहलीत पर्यटक आठवडाभर बोटीवरच राहतात. सकाळी ‘कार्नाटिक’, न्याहारीनंतर १९८३ मध्ये याच खडकावर फुटलेले ‘जियानिस डी’, दुपारी एखादा प्रवाळखडक, जमले तर अंधार पडल्यावर आणखी एक डाइव्ह. मधल्या वेळात जेवण, झोप आणि सिलिंडर भरणाऱ्या कॉम्प्रेसरची घरघर.

या सहलींच्या जाहिरातीत बुडालेली जहाजे आणि प्रवाळखडक यांची नावे एकाच दमात घेतली जातात. प्रत्यक्षात दोघांचे स्वभाव अगदी उलटे आहेत. जहाज पाण्यात गेले त्या दिवसापासून झिजू लागते. खारे पाणी पोलाद खाते, लाटा आणि प्रवाह उरलेले काम करतात. कुणी हात लावला नाही तरी ते एक दिवस कोसळणारच. खडकाचे तसे नाही. गोलाकार वाढणारी पोवळी वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे हातभर उंचीचा गोळा तयार व्हायला चाळीस-पन्नास वर्षे जातात. त्याला सुखाने राहू दिले तर तो आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही पुरेल. तेव्हा माणसांची गर्दी समुद्रात उतरणारच असेल, तर ती झिजणाऱ्या वस्तूकडे वळवावी आणि वाढणाऱ्या वस्तूला उसंत द्यावी, हा हिशेब सरळ दिसतो. माझे म्हणणे एवढेच, की हा हिशेब दोन अटींवर खरा ठरतो. जहाज कोणते, हे नीट पाहावे लागते. आणि गर्दी जहाजाकडे गेली तेव्हा खडकाला खरोखर उसंत मिळाली का, याचा जाब द्यावा लागतो. आपल्याकडे पहिल्या अटीचा विचार थोडाफार होतो, दुसरीचा जवळजवळ होतच नाही.

पहिली अट समजायला ‘थिसलगॉर्म’कडे पाहावे. इंग्लंडमधल्या संडरलँडला बांधलेले हे मालवाहू जहाज ६ ऑक्टोबर १९४१ च्या रात्री जर्मन बॉम्बफेकी विमानांनी तांबड्या समुद्रात बुडवले. उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या ब्रिटिश फौजेचा माल त्यावर होता. भूमध्य समुद्र धोक्याचा म्हणून ते आफ्रिकेला वळसा घालून आले होते आणि सुएझचा रस्ता मोकळा होण्याची वाट पाहत नांगर टाकून उभे होते. बॉम्ब दारूगोळ्याच्या कोठारावर पडले आणि नऊ जण मेले. तीसेक मीटर खोलीवर ते आजही जवळजवळ सरळ उभे आहे. मालाच्या एका कोठारात ट्रक ओळीने लावलेले, त्या ट्रकांच्या हौद्यात बीएसए बनावटीच्या मोटारसायकली एकीला एक चिकटून उभ्या, टायरांवर गाळ आणि हँडलांमधून माशांचे थवे. दुसरीकडे रबरी बुटांचे ढीग. आणि स्फोटाने भिरकावली गेलेली रेल्वे इंजिने बाहेरच्या वाळूत पडलेली. एका चढाईच्या तयारीचा हा न उघडलेला सामान-पेटारा आहे. कागदावरच्या मालाच्या यादीला जे सांगता येत नाही ते इथे दिसते: कोणता माल कशावर रचला होता, कोणत्या गाडीत काय ठेवून जागा वाचवली होती.

या जहाजाची झीज समुद्रापेक्षा पर्यटनाने लवकर केली. सहलीच्या बोटींनी वर्षानुवर्षे आपले दोर थेट त्याच्या कठड्यांना आणि यंत्रांना बांधले. वर लाटेने बोट हिंदकळली की खाली दोराला हिसका बसतो आणि ऐंशी वर्षांचे गंजलेले पोलाद सुटून येते. सुटे भाग आठवण म्हणून उचलून नेले गेले. डायव्हर सोडत असलेली हवा बंद कोठारांच्या छताखाली साठून पोलाद अधिकच गंजते, हा निराळाच ताप. २००७ मध्ये तिथल्या एका पर्यावरण संस्थेने जहाजाला काही काळ विश्रांती दिली, हवा निघून जावी म्हणून भोके पाडली आणि बोटींना बांधायला वेगळी सोय केली. ती सोय फार टिकली नाही. बोटी पुन्हा जहाजालाच दोर बांधू लागल्या. पाण्याखालील वारशाविषयीचा युनेस्कोचा २००१ चा करार निदान शंभर वर्षे पाण्यात राहिलेल्या वस्तूंना वारसा मानतो. त्या मोजपट्टीने ‘थिसलगॉर्म’ वारसा ठरेल २०४१ मध्ये. तोवर कठड्याला बांधलेल्या दोरांनी त्यातले किती शिल्लक ठेवले असेल, याची काळजी करायला आज जागा आहे. म्हणजे झिजणाऱ्या वस्तूवर गर्दी टाकावी हे खरे, पण ती वस्तू दस्तऐवज असेल तर आपण गर्दीला कागद तुडवायला देत असतो.

ती वस्तू थडगे असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो. मराठी माणसाने तो परक्या समुद्रात न विचारता घराशेजारी विचारून पाहावा. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली; सणासाठी गावी निघालेली, कोकणातल्या कितीतरी घरांतली. उद्या कुणी त्या जागी ‘रामदास डाइव्ह’ म्हणून तिकीट लावले तर रायगडातली गावे ते मुकाट्याने घेतील असे वाटत नाही, आणि घेऊही नये. ‘कार्नाटिक’वर मात्र आपण निर्धास्त उतरतो. फरक काळाचा आहे आणि ओळखीचाही: १८६९ च्या ३१ मृतांसाठी रडणारे कुणी उरलेले नाही. यावरून अशा जागी जाणेच पाप, असा निष्कर्ष मी काढत नाही. रणांगणे, किल्ले, तुरुंग आपण पाहतोच, आणि पाहावेत. पण जिथे माणसे मेली ती जागा ‘वीकेंड ऑफर’मध्ये बसवताना तिथली संख्या, वागणूक आणि शांतता यांवर बंधने येतात. गर्दी रिचवण्यासाठी अशी जागा वापरता येत नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

म्हणून मुद्दाम बुडवलेल्या जहाजाकडे मी आदराने पाहतो. त्यात कुणी मेलेले नसते, त्यातला माल आधीच उतरवलेला असतो, आणि त्याचा इतिहास किनाऱ्यावरच्या दप्तरात सुरक्षित असतो. गर्दीने ते झिजवले तरी कुणाचे काही जात नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या की लार्गो बेटाजवळ २००२ मध्ये ‘स्पीगल ग्रोव्ह’ हे नौदलाचे सुमारे १५५ मीटर लांबीचे निवृत्त जहाज असेच बुडवण्यात आले. बुडवताना ते वेळेआधीच उलटले आणि नाक पाण्याबाहेर काढून राहिले, ही फजिती वेगळी. महत्त्वाचे हे, की आधी आणि नंतर आजूबाजूच्या नैसर्गिक खडकांवर किती डायव्हर जातात याची मोजणी झाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खडकांवरचा वापर कमी झाल्याचे आणि डायव्हिंगचा स्थानिक धंदा मात्र वाढल्याचे दिसले. जहाज गर्दी ओढून घेऊ शकते, हे नुसते बोलणे नाही. त्याच फ्लोरिडात १९७० च्या दशकात फोर्ट लॉडरडेलजवळ वीस लाखांच्या आसपास जुने टायर ‘कृत्रिम खडक’ म्हणून समुद्रात टाकले गेले होते. बांधणी तुटली, टायर लाटांबरोबर फिरू लागले आणि शेजारच्या जिवंत प्रवाळांवर जाऊन आदळले. पुढे ते वर काढायला लष्कराचे पाणबुडे लावावे लागले. दोन्ही कामांना नाव एकच होते. एकात मोजमाप होते, दुसऱ्यात अडगळ खपवण्याची घाई होती.

आता हाच विचार सिंधुदुर्गात आला आहे. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवण्यासाठी बांधलेली, १९८५ पासून नौदलात असलेली ‘आयएनएस गुलदार’ १२ जानेवारी २०२४ रोजी सेवामुक्त झाली. ती निवतीच्या समुद्रात बुडवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम खडक करायचा, अशी महाराष्ट्राची योजना आहे. जहाज योग्य आहे: मृत्यूचा डाग नाही, जीव वाचवणारी तेल-रंगांची सफाई करता येते, लांबीही ८४ मीटरच्या आसपास, म्हणजे पाहण्यासारखी. पण हे जहाज कोणाचा भार हलका करणार, हे कळायला तिथून थोडे उत्तरेला, मालवणला यावे लागते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा उथळ समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या आसपास. खडक बांधणारी पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. आणि याच पाण्यात सुट्टीच्या दिवशी बोटीमागून बोट पर्यटक उतरवते. पोहता येत नसले तरी चालते, असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. वेटसूट, कमरेला शिशाची वजने, तोंडात रेग्युलेटर. गाईड मागून सिलिंडरची मान धरून पर्यटकाला खाली नेतो, कॅमेरा समोर धरतो, आणि काही मिनिटांत वर आणतो. या काही मिनिटांत पर्यटकाचे पाय त्याच्या ताब्यात नसतात. तो घाबरून फिन्स मारतो, तळाचा गाळ उठतो आणि पोवळ्यांवर बसतो. ती बुळबुळीत स्राव सोडून गाळ झटकतात आणि त्यात त्यांची शक्ती खर्ची पडते. तोल जातो तेव्हा हात जवळच्या खडकावर जातो, आणि तो खडक म्हणजे बहुधा पोवळेच असते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये मालवणच्या अभयारण्यात हौशी डायव्हिंगमुळे प्रवाळांना होणारी इजा नोंदवली आणि यासाठी कुणालाच जबाबदार धरले जात नाही, याकडे बोट दाखवले.

इथे एक आक्षेप बिनतोड वाटेल असा आहे. मालवणला येणारा पर्यटक पहिल्यांदाच पाण्यात उतरणारा असतो. नवख्यांना घेऊन १२ मीटरपेक्षा खाली जायचे नाही, असा डायव्हिंगमधला सर्वमान्य दंडक आहे; प्राथमिक अभ्यासक्रम केलेल्यालाही १८ मीटरची मर्यादा असते. जहाज मात्र वरून बोटी सुखरूप जातील इतक्या खोलीवरच बुडवता येते. मग किल्ल्याजवळचा नवखा ‘गुलदार’वर जाणार कसा? तो जाणार नाही. जहाजावर जाईल तो पुणे-मुंबईचा, बंगळुरूचा शिकलेला डायव्हर, जो आजवर नेत्राणी, अंदमान किंवा थायलंड गाठत होता. म्हणजे जहाज नवे पर्यटक आणेल, जुने हलवणार नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि माझ्या मुद्द्याला तो पुष्टीच देतो. की लार्गोला जे आपोआप झाले ते मालवणला आपोआप होणार नाही. गावाबाहेरून बाह्यवळण रस्ता काढला, पण गावातून ट्रक नेण्यावर बंदी घातली नाही, तर गावाला दोन रस्त्यांचा धूर मिळतो. म्हणून जहाजाबरोबर नवख्यांसाठी उथळ वाळूच्या तळावर वेगळी जागा तयार करायला हवी: तोल सावरण्याचा सराव, हातात धरायला दोर, पाहायला काँक्रीटचे खडक. पोवळ्यांपर्यंत जाण्याचा परवाना ज्याला पाण्यात स्थिर राहता येते त्यालाच मिळावा.

दुसरा आक्षेप असा, की पोलादावरही पोवळी येतात, मग जहाज म्हणजे नवा खडकच नाही का? ‘कार्नाटिक’ पाहणाऱ्याला तसे वाटणे साहजिक आहे. पण तांबड्या समुद्रातल्या जुन्या जहाजांची शेजारच्या खडकांशी तुलना करणाऱ्यांना दिसले ते असे, की जहाजाची रचना खडकापेक्षा वेगळी असेल तर शंभर वर्षांनंतरही वस्ती वेगळीच राहते. मऊ पोवळी, स्पंज, माशांचे थवे यांना उभ्या भिंती आणि अंधाऱ्या कोठड्या आवडतात. खडक बांधणाऱ्या पोवळ्यांची हळू, भक्कम वस्ती तिथे तशी जमत नाही. जहाज हे खडकाची भर नाही आणि गेलेल्या खडकाची भरपाई तर मुळीच नाही. ‘आम्ही कृत्रिम खडक दिला’ असे म्हणून मूळ खडकाकडे डोळेझाक करता येणार नाही.

पोटापाण्याचा आक्षेप या सगळ्यांत जड आहे, आणि तो वरवर उडवून लावता येत नाही. अभयारण्य जाहीर झाले तेव्हा मालवणच्या मच्छीमारांना आपला समुद्र आपल्यापासून काढून घेतल्यासारखे वाटले. आज त्याच गाबीत घरांतली तरुण मुले गाईड आहेत. मासळी घटलेल्या काळात हा रोजगार कुणी दानात दिलेला नाही, त्यांनी उभा केला आहे. मर्यादा म्हटले की त्यांना आपल्या ताटातला घास दिसणार. पण मर्यादेने धंदा बुडतो, हे अनुभवाला धरून नाही. मलेशियातल्या सिपादान बेटावरून २००४ च्या अखेरीस सगळी रिसॉर्ट हलवली गेली आणि दिवसाला मोजकेच परवाने देण्याची पद्धत आली, सुरुवातीला १२०. सिपादान ओस पडले नाही, परवाना मिळवण्यासाठी लोक शेजारच्या बेटांवर जास्त दिवस राहू लागले. थायलंडने माया बे २०१८ ते २०२२ इतकी वर्षे मिटवून ठेवली, तेवढ्याने त्या देशातले पर्यटन संपले नाही. स्वस्तात शंभर जणांना दहा-दहा मिनिटे नेण्यापेक्षा वीस जणांना नीट शिकवून नेणे गाईडलाही परवडू शकते, जर दर ठरवायची आणि जागेवर कुणी उतरायचे हे सांगायची सत्ता त्याच्या गावाकडे असेल. आणि ‘गुलदार’साठी जी समुद्राची जागा अडणार तिथे ज्यांची जाळी पडतात, त्यांचे नाव या हिशेबात पहिले लिहायला हवे.

राहिला उष्णतेचा मुद्दा. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातल्या प्रवाळांच्या विरंजनाची चौथी लाट जाहीर झाली. समुद्रच तापतो आहे, मग डायव्हरच्या फिन्सचा हिशेब मांडून काय उपयोग, असे विचारले जाते. उपयोग आहे. तापलेले पाणी पोवळ्यातली शैवाले हाकलते आणि पोवळे उपाशी पांढरे पडते. पाणी निवल्यावर ते सावरते की मरते हे त्याच्यात किती जोर उरला आहे यावर ठरते. गाळ झटकण्यात, जखम भरण्यात तो जोर आधीच संपला असेल तर सावरायला काही उरत नाही. वातावरणातला कार्बन मालवण नगरपरिषद कमी करू शकत नाही. बोटींनी नांगर कुठे टाकायचा हे मात्र स्थानिक पातळीवर आजही ठरवता येते. यावर कुणी म्हणेल, लोकांना समुद्र दिसलाच नाही तर तो वाचवायला पुढे कोण येणार? हे मी खुशाल मान्य करीन, पण दिसण्याने आपोआप आस्था येते हे मान्य करणार नाही. सेंट लुशिया बेटावर डायव्हरांना आधी दोन शब्द बजावून सांगण्याचा आणि पाण्यात गाईडने प्रत्यक्ष टोकण्याचा परिणाम तपासला गेला. बजावण्याने फरक पडला नाही. टोकण्याने हात-पाय लागणे कमी झाले. जाणीव जागृतीच्या फलकांपेक्षा वेळेवर अडवणारा माणूस जास्त शिकवतो.

म्हणून संघटित डायव्हिंग सहलींना माझा विरोध नाही. पूर्वी कुणीही कुठेही उतरत असे, त्यापेक्षा नाव-गाव लिहून, गाईड देऊन, वेळ ठरवून होणारी सहल कधीही बरी. तिच्यावर नियम लादता येतात. माझे म्हणणे आहे ते नियम काय असावेत याविषयी. तांबड्या समुद्रावर आणि कॅरिबियनवर काम केलेल्या अभ्यासकांनी एका जागी वर्षाला पाच-सहा हजार डाइव्हपर्यंत खडक निभावतो, असा ढोबळ आकडा पुढे ठेवला होता. मालवणचा समुद्र गढूळ आणि उथळ, तिथल्या पोवळ्यांना तेवढेही झेपेल असे धरून चालू नये. तेव्हा प्रत्येक जागेवरच्या डाइव्ह मोजल्या जाव्यात आणि आकडे दर हंगामाअखेर गावाच्या फलकावर लागावेत. नांगराऐवजी बांधायला कायमचे बोये असावेत आणि ते तुटले तर कुणी बदलायचे हे आधीच लिहिलेले असावे, नाहीतर ‘थिसलगॉर्म’ची गत होते. जहाज बुडवण्याचा आदेश निघेल त्याच आदेशात अभयारण्यातला कोणता खडक त्या दिवसापासून डायव्हरांना बंद होणार, तो किती वर्षांसाठी आणि उघडायचा की नाही हे कुणाच्या पाहणीवरून ठरणार, हे नमूद असावे. असे कलम नसलेला आदेश काढला गेला तर सरकारने समुद्राला काही दिले, असे म्हणायचे कारण नाही. त्याने तळावर आणखी एक तिकिटाची जागा मांडली, आणि खडकावरची गर्दी होती तिथेच ठेवली.